एक वर्षाची मुदत

धर्म बदलला म्हणजे लग्न मोडते काय? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मिशनच्या आवारातून न्यायालयापर्यंत जाऊन पोचला. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या तरुणाची पत्नी बहुधा माहेरी राही. हिंदू विधीने झालेला विवाह धर्मांतराने तुटत नसे; आणि दुसरा विवाह करावा, तर १८६० च्या दंडसंहितेतील द्विभार्या-प्रतिबंध आड येई.

धर्मोपदेशकांपुढे आधार होता तो पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायाचा. ख्रिस्ती न झालेला जोडीदार नांदावयास राजी असेल, तर त्याला सोडू नये. तो आपण होऊन निघून गेला, तर श्रद्धावंत बांधलेला नाही, असा त्याचा आशय. तथापि ‘बांधलेला नाही’ म्हणजे पुनर्विवाहास मोकळा, असे समजावे की नाही, याविषयी ख्रिस्ती पंथांतही एकवाक्यता नव्हती.

सर हेन्री मेन हे कायदेमंत्री असताना १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाह-विच्छेदाचा कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने त्याग केल्यास धर्मांतरिताने दावा लावावा. न्यायाधीशाने प्रतिवादीस स्वतः प्रश्न विचारावेत. आणि नकार कायम राहिला, तर निकाल एक वर्ष पुढे ढकलावा, अशी ती रीत. मधल्या काळात दोघांची भेट घडवून आणण्याची मुभा न्यायाधीशास होती. ही भेट त्याने निवडलेल्या व्यक्तीच्या समक्ष व्हावयाची, आणि ती व्यक्ती स्त्रीही असू शके. हेतू एवढाच, की नकार मनापासून आहे की नातलगांच्या धाकाने, हे कळावे. वर्षानंतरही नकार टिकला, तर विवाह संपे आणि दोघांनाही पुन्हा लग्न करता येई.

आज आपण ज्याला कौटुंबिक समुपदेशन म्हणतो, त्याचे बीज या तरतुदीत दिसते. परंतु तिच्यातील विषमताही डोळ्यांआड करता येत नाही. दाद मागण्याचा अधिकार धर्मांतरितालाच होता. मागे राहिलेल्या हिंदू पत्नीला या कायद्याने तो दिला नाही. शिवाय तेरा वर्षे पुरी झालेली मुलगी या कायद्याच्या दृष्टीने ‘पत्नी’ होती. त्या वयाच्या मुलीने परक्या माणसांसमोर ‘मी स्वखुशीने नाही म्हणते’ असे सांगावे, या अपेक्षेत स्वखुशी कितीशी उरते?

या कायद्याशेजारी एक मराठी संसार ठेवून पाहण्यासारखा आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि कित्येक वर्षांची ताटातूट झाली. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या धर्म बदलून नव्हे. हिंदू म्हणूनच परतल्या. त्यांचे सोवळेओवळे काही काळ त्याच घरात चालू राहिले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, तोही स्वतःच्या विचाराने. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्यांनी मिस्किलपणे सांगितले आहे, परंतु त्या विनोदाखाली एका एकट्या पडलेल्या बाईचे दुःख आहे, हे वाचकाला विसरता येत नाही.

पौलाच्या वचनाचा पहिला भाग या घराने जगून दाखविला, तर १८६६ च्या कायद्याने मुख्यतः दुसऱ्या भागाची व्यवस्था लावली. अर्थात प्रत्येक संसार टिळकांचा नसतो, आणि न नांदणाऱ्याला मोकळीक हवीच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती उलट बाजूने दिली: जोडीदाराने धर्मांतर केल्यास हिंदू राहिलेल्या पक्षाला घटस्फोट मागता येतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तर समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले आणि त्यासाठी समुपदेशकांची सोय केली.

भेटीची वेळ आणि जागा कायदा ठरवू शकतो. त्या भेटीत दुसऱ्याचा नकार ऐकून घेण्याची तयारी मात्र माणसालाच आणावी लागते. टिळकांच्या घरी ती आली, तीही वर्षाच्या मुदतीत नव्हे.