मलिक अंबर आणि खडकीचें पाणी

लातूर जिल्ह्यांतील औशाचा किल्ला पाहणाऱ्यास निजामशाहीच्या पडत्या काळाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १६०० मध्यें मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला. दुसरा मुर्तझा हा नवा सुलतान नांवापुरता गादीवर बसला. त्याच्या निर्वाहासाठीं औसा आणि भोंवतालचीं थोडीं गांवें एवढेंच पुढें उरलें, असें फेरिश्ता या तवारीखकारानें लिहिलें आहे. या सुलतानाला ज्यानें गादीवर बसविलें व पुढें पाव शतक ती गादी सांवरून धरली, तो पुरुष या भूमीचा नव्हता. तो परमुलखांत विकला गेलेला एक गुलाम होता. त्याचें नांव मलिक अंबर.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत झाला. आईबापांनीं ठेविलेलें नांव चापू. लहानपणींच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं लागला आणि मोखा, बगदाद असा हातोहात विकला गेला. बगदादच्या धन्यानें त्याला शिकविलें व अंबर हें नांव दिलें. अखेर दक्षिणेंत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. हा पेशवाहि हबशी असून एके काळीं गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर दास्यांतून मुक्त झाला.

ज्याचें घर लहानपणींच तुटलें, त्यानें येथें आपलें घर उभारलें. पत्नी बीबी करीमा. पुत्र फत्तेखान व चंगीझखान. धाकट्याला जुन्या धन्याचें नांव दिलेलें पाहिलें म्हणजे कृतज्ञतेचा धागा सहज ध्यानांत येतो. एक कन्या त्यानें सुलतान मुर्तझास दिली. बाजारांत विकलेला मुलगा राजाचा सासरा झाला!

राज्य मात्र तरवारीच्या धारेवर होतें. १६०२ मध्यें नांदेडजवळ खानखानान अब्दुर्रहीम याचा पुत्र मिर्झा इरज याच्याशीं अंबरची लढाई झाली. अंबर जबर जखमी होऊन पडला. त्याच्या माणसांनीं त्याला उचलून नेलें म्हणून तो वांचला. बरा होतांच त्यानें तह केला व पुन्हां फौज जमविली. डोंगरी मुलखांतील मराठी स्वारांच्या बळावर त्यानें गनिमी काव्याचें युद्ध चालविलें आणि १६१० मध्यें दौलताबादजवळच्या खडकी या गांवीं नवें नगर वसविण्यास आरंभ केला.

खडकी नांवाप्रमाणेंच खडकाळ. तेथें शहर वसवावयाचें तर पाणी आणणें हेंच पहिलें काम होतें. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं जमिनींत मुरणारें पाणी भुयारी मार्गांत गोळा करावें, उतार साधून तें नगरांत आणावें, मध्यें ठिकठिकाणीं साफसफाईसाठीं विहिरीसारखे झरोके ठेवावे आणि पुढें मातीच्या नळांनीं हौदांत सोडावें, अशी ही योजना. १६१६ मध्यें मोगलांनीं खडकी जाळून बेचिराख केली. अंबरनें ती पुन्हां उभारली, आणि १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी वाहूं लागली. शेतसाऱ्याचीहि त्यानें अशीच घडी बसविली. जमिनीची प्रत पाहून ठरविलेला 'मलिकंबरी धारा' मराठी दप्तरांतून पुढें कैक वर्षें ओळखीचा राहिला.

या कर्तृत्वाला काळी बाजूहि आहे. पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी त्या काळांत अंबरच्या छावणींत गेला होता. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, सुलतानाच्या इराणी बेगमेनें अंबरच्या कन्येला गुलामाची पोर म्हणून हिणविलें, आणि अंबरनें सुलतान व ती बेगम या दोघांनाहि विषप्रयोगानें संपविलें. ही हकीकत खरी मानली, तर मुलीच्या अपमानापुढें त्याला राजनिष्ठा उरली नाहीं असेंच म्हणावें लागतें. ज्या शब्दानें बापाचें बालपण हिरावलें, तोच शब्द लेकीच्या वांट्यास आला होता. परंतु त्यामुळें हत्येचें समर्थन होत नाहीं.

१६२४ मध्यें भातवडीस मोगल व विजापूरकर यांच्या संयुक्त फौजांचा त्यानें मोड केला. शहाजीराजे त्या लढाईंत त्याच्या बाजूनें लढले. १६२६ मध्यें सुमारें अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं अंबर वारला. खडकीस पुत्रानें फत्तेनगर हें आपलें नांव दिलें. पण सात वर्षांतच, १६३३ मध्यें, त्याच पुत्रानें दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केलें. ज्या कुटुंबासाठीं बाप झिजला, त्याच्याच हातून बापाचें राज्य गेलें.

फत्तेनगरचें पुढें औरंगाबाद झालें आणि २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर. नांवें बदललीं, पण नहरीचे कांहीं भाग विसाव्या शतकापर्यंत वाहत होते. तीन शतकें त्या शहरांतील लेंकीसुनांनीं जें पाणी घरीं नेलें, तें स्वतःचें घर हरवलेल्या एका मुलानें आणलेलें होतें. खुल्दाबादेस त्याची कबर आहे, आणि जवळच करीमेची.