शस्त्राची मर्यादा : स्तनाच्या कर्करोगाच्या इतिहासातील एक प्रकरण

कर्करोगाची गाठ कापून काढली की रोग गेला, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस नकार दिला की आशा संपली, अशी समजूत आपल्या कुटुंबांतून अद्याप दृढ आहे. स्तनाच्या कर्करोगाबाबत ती विशेष प्रबळ आहे. गाठ हाताला लागते, डोळ्यांना दिसते. साहजिकच रोग अंगभर पसरला असला तरी ‘निदान गाठ तरी काढून टाका’ असा आग्रह घरची माणसे धरतात. ही समजूत केवळ अज्ञानातून आलेली नाही. एके काळी वैद्यकशास्त्रच तसे मानत होते. ते मत कसे उभे राहिले, कसे ढासळले आणि वाढलेल्या रोगात शस्त्राला कोणते काम उरले, हे येथे थोडक्यात पाहण्याचा आमचा विचार आहे.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद विल्यम हॅलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रोग स्तनापासून काखेतील ग्रंथींकडे व तेथून पुढे पायरीपायरीने सरकतो, म्हणून जितका मोठा घेर कापावा तितका रोग समूळ निघेल, असा त्यांचा विश्वास होता. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी ते एकत्रच काढीत. छाती खोलगट होई, हात सुजे. तरी कापल्या जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण फार कमी झाले, आणि पाऊणशे वर्षे ही पद्धती प्रमाण मानली गेली. मात्र ग्रंथींपलीकडे रोग गेलेल्या स्त्रिया एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही दगावत होत्या.

त्याच सुमारास ग्लासगो येथे जॉर्ज बीटसन यांनी निराळाच मार्ग धरला. १८९५ साली, रोग फार वाढलेल्या एका तरुण स्त्रीच्या स्तनाकडे न वळता त्यांनी तिचे अंडाशय काढले. काही महिन्यांत गाठी विरल्या. १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत आली. हा गुण प्रत्येकीला येत नसे आणि आला तरी कायमचा टिकत नसे. पण हा रोग एका अवयवापुरता नसून शरीरातील स्रावांशी त्याचे नाते आहे, हे यावरून दिसले. १९५०च्या दशकात याच विचाराने अधिवृक्क व पीयूषिका ग्रंथी काढण्याच्या अवघड शस्त्रक्रियाही झाल्या. पुढे टॅमॉक्सिफेनसारखी औषधे आली आणि त्या शस्त्रक्रिया मागे पडल्या.

न्यूयॉर्कच्या हागेन्सन व स्टाउट यांनी १९४३ साली एक धाडसी गोष्ट केली : कोणावर शस्त्रक्रिया करू नये, याची लक्षणे त्यांनी लिहून काढली. त्वचेवर पसरलेली सूज, गळपट्टीच्या हाडावरील गाठी, दूरच्या अवयवांत गेलेला रोग, ही त्यांतील काही. नकार म्हणजे हात झटकणे नव्हे, तोही अनुभवातून घेतलेला वैद्यकीय निर्णय असू शकतो, हे त्यातून प्रथम स्पष्टपणे मांडले गेले.

हॅलस्टेडच्या सिद्धांताची खरी परीक्षा बर्नार्ड फिशर यांनी घेतली. १९७१ ते १९७४ या काळात १,६६५ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळ्या उपचारांच्या गटांत विभागले गेले. २००२ साली, पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही, मोठ्या व लहान शस्त्रक्रियेच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुष्कळ स्त्रियांत रोगाचे कण निदानापूर्वीच रक्तावाटे दूर गेलेले असतात. घेर वाढवून ते हाती लागत नाहीत.

तरी एक प्रश्न राहिलाच. निदानाच्या वेळीच हाडांत, फुफ्फुसांत वा यकृतात रोग पोहोचलेला असेल, तर स्तनातील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते काय? २००२ साली अमेरिकेतील १६,०२३ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या असता, शस्त्रक्रिया झालेल्या अधिक काळ जगल्याचे आढळले. पण शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या स्त्रिया मुळातच अधिक सुदृढ आणि कमी रोग असलेल्या असण्याचा संभव होता. त्यामुळे हा पुरावा निर्णायक नव्हता.

या प्रश्नाचा शोध ज्यांनी काटेकोरपणे घेतला त्यांत मुंबईचे नाव अग्रभागी आहे. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात, रसायनोपचाराला ज्यांच्या रोगाने प्रतिसाद दिला होता अशा ३५० स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला शस्त्रक्रिया व किरणोपचार दिले. दुसऱ्या गटात मूळ गाठीला हात लावला नाही. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गटातील निम्म्या स्त्रिया हयात असण्याचा काळ पहिल्या गटात १९.२ महिने, तर दुसऱ्यात २०.५ महिने होता. म्हणजे आयुष्य वाढले नाही. छातीवर रोग पुन्हा उफाळणे मात्र पहिल्या गटात कमी झाले. तुर्कस्तानातील चाचणीत पाच वर्षांनी शस्त्रक्रियेचा लाभ दिसला, परंतु तेथे दोन्ही गट सारखे नव्हते. २५६ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनी दोन्ही गटांतील सुमारे ६८ टक्के स्त्रिया हयात होत्या. तिचे निष्कर्ष २०२२ साली छापून आले आणि त्यांनी मुंबईच्या उत्तराला दुजोरा दिला.

याचा अर्थ शस्त्र निरुपयोगी ठरले असा मुळीच नाही. रोग स्तनात व काखेत खूप वाढला, पण दूर गेलेला नसला, तर आधी औषधांनी तो आटोक्यात आणून मग केलेली शस्त्रक्रिया बरे होण्याच्या मार्गातील मोठा टप्पा असते. ही अवस्था आणि अंगभर पसरलेली अवस्था यांत घरच्यांनी गल्लत करू नये. पसरलेल्या रोगातही जखम चिघळली, रक्त वाहू लागले, दुर्गंधीने रुग्णेला माणसांत बसणे अशक्य झाले, तर गाठ काढल्याने तिला मोठा आराम मिळू शकतो. ठिसूळ झालेले मांडीचे हाड सळईने सावरणे, मज्जारज्जूवरील दाब दूर करणे, हीदेखील शल्यचिकित्सेचीच कामे होत. येथे हेतू आयुष्य लांबवण्याचा नसून उरलेले आयुष्य सुसह्य करण्याचा असतो, आणि तो कमी मोलाचा नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते की, ‘शस्त्रक्रिया होईल काय?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘ती कशासाठी करावयाची?’ हेही डॉक्टरांना अवश्य विचारावे. दागिने मोडून, कर्ज काढून केलेल्या शस्त्रक्रियेने कधी कधी औषधोपचाराचे मोलाचे आठवडे खर्ची पडतात. उलट शस्त्रक्रिया नाकारली म्हणून उपचारच सोडणाऱ्या घरात रुग्णेला औषधांनी मिळू शकणारी वर्षे गमवावी लागतात. गाठ तशीच ठेवून औषधे देणारा डॉक्टर रुग्णेला सोडून देत नसतो. परळच्या त्या ३५० स्त्रियांनी आपल्या सहभागाने हे ज्ञान आपणांस दिले आहे. आपल्या घरात असा प्रसंग आला, तर त्याचा उपयोग करणे एवढे तरी आपल्या हाती आहे.