सोमवारचा फळा

मॉस्को विद्यापीठात इझ्राएल मोइसेयेविच गेल्फांड यांचा सेमिनार १९४३ साली, ऐन महायुद्धात सुरू झाला. गेल्फांड १९८९मध्ये अमेरिकेला गेले तोवर तो चालू होता. वार सोमवार, वेळ संध्याकाळची. या काळात स्टालिन गेला, ख्रुश्चॉव्ह आला नि पायउतार झाला, ब्रेझ्नेव्हची दीर्घ राजवट सरली. सोमवार मात्र चुकला नाही.

हे गेल्फांड कोण? १९१३ साली युक्रेनमधल्या एका लहान गावी ज्यू कुटुंबात जन्मलेला मुलगा. शाळा अर्धवट सुटली. सोळाव्या वर्षी तो मॉस्कोला आला आणि मिळेल ते काम करू लागला. लेनिन ग्रंथालयाच्या दारावरचे कामही त्यांतलेच. फावल्या वेळात तो विद्यापीठातल्या सेमिनारांना जाऊन बसे. पदवी नसताना १९३२ साली कोल्मोगोरोव्ह यांनी त्याला थेट संशोधक विद्यार्थी म्हणून घेतले, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पदवीच्या कुंपणाबाहेरून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील विशेष जवळचा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्याचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. पुढे त्यांच्या स्वतःच्या सेमिनारचे दार ज्या तऱ्हेने उघडे राहिले, त्याचे मूळ मला इथे दिसते.

सेमिनारची रीत विलक्षण होती. ठरलेली वेळ टळून गेली तरी गेल्फांड आलेले नसत. तोवर व्हरांड्यात घोळके करून माणसे बोलत उभी असत, आणि कित्येकांच्या मते खरे गणित तिथेच होई. मग सुरुवात. वक्त्याने दोन वाक्ये बोलावीत आणि गेल्फांडनी अडवावे : हे का? याचे सर्वांत सोपे उदाहरण कोणते? कधी वक्ता खाली बसे आणि त्याचा विषय दुसऱ्याच कोणाला फळ्यावर समजावून सांगावा लागे. पुष्कळदा श्रोत्यांतून एकाची ‘चाचणी श्रोता’ म्हणून निवड होई, बहुधा एखाद्या तरुण विद्यार्थ्याची. त्याला समजले का, हे मधूनमधून विचारले जाई. त्याला समजले नसेल तर वक्त्याची गाडी पुढे सरकत नसे. समोर नामांकित प्राध्यापक असोत, शाळकरी पोरे असोत. न समजण्याचा हक्क दोघांनाही सारखा. आपल्याकडच्या परिसंवादांत सगळेजण समजल्यासारखी मान डोलावत असतात, ते आठवले की या रीतीची किंमत कळते.

हा सेमिनार केवळ शुद्ध गणिताचा नव्हता. पुंजभौतिकीत मोजता येणाऱ्या राशी ‘ऑपरेटर’च्या रूपात मांडल्या जातात. नेमके कोणते नियम पाळणारी बीजगणिते अशा ऑपरेटरांच्या रूपात मांडता येतात, याचे उत्तर गेल्फांड आणि नायमार्क यांनी १९४३ सालीच दिले. पुढे दोघे वळले सापेक्षतेच्या मुळाशी असलेल्या लॉरेन्ट्झ गटाकडे. १९४७च्या आसपास याच प्रश्नावर अमेरिकेत बार्गमान आणि केंब्रिजमध्ये डिरॅक यांचे विद्यार्थी, आपले हरीशचंद्र, स्वतंत्रपणे काम करत होते. तीन देशांतली माणसे एकाच सुमारास एकाच दारापाशी पोहोचली होती. हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असे मला वाटत नाही. भौतिकीनेच तो प्रश्न सगळ्यांच्या पुढ्यात टाकला होता.

१९५१चे गेल्फांड-लेवितान समीकरण आणखी बोलके आहे. मडके घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाजावरून आतली चीर ओळखतो. कंपनांच्या नोंदीवरून आतली रचना शोधून काढायची, तसलाच हा प्रश्न. १९६७ साली अमेरिकेतल्या चौघा संशोधकांनी उथळ पाण्यातल्या एकाकी लाटांचे समीकरण सोडवले, ते या हत्याराच्या आधाराने.

आता त्या काळाची दुसरी बाजू. १९६८मध्ये गणिती येसेनिन-वोल्पिन यांना त्यांच्या राजकीय मतांपायी जबरदस्तीने मनोरुग्णालयात डांबले गेले. त्याविरुद्धच्या पत्रावर ९९ गणितज्ञांनी सह्या केल्या; गेल्फांड त्यांतले एक. सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली. सत्तरच्या दशकात विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू मुलांना प्रवेश मिळू नये म्हणून तोंडी परीक्षेत मुद्दाम महाकठीण गणिते घातली जात. मुलांमध्ये त्यांचे नावच पडले होते ‘शवपेट्या’. नाकारलेल्या या मुलांसाठी बेला सुब्बोतोव्स्काया या बाईंनी १९७८मध्ये खाजगी वर्ग सुरू केले. त्या १९८२ साली मोटारीच्या अपघातात गेल्या. वर्ग जेमतेम आणखी वर्षभर टिकले.

ज्या इमारतीत ही चाळणी लागे, त्याच इमारतीत सोमवारी गेल्फांडचा सेमिनार भरे. आत शिरायला पास लागे, पण एकदा आत गेले की सेमिनारमध्ये हजेरीपट नव्हता. कुठल्याशा तांत्रिक संस्थेत पोटापुरती नोकरी करणारी, विद्यापीठात जागा न मिळालेली माणसे तिथे येऊन बसत आणि तेवढ्या संध्याकाळपुरती गणितज्ञ असत. खुद्द गेल्फांडना १९७८मध्ये वुल्फ पारितोषिक मिळाले, तरी सोव्हिएत अकादमीचे पूर्ण सदस्यत्व १९८४ सालापर्यंत लांबले.

या सगळ्याला संतांच्या सत्संगाचे रूप देऊ नये. गेल्फांड कठोर होते, पुष्कळदा अपमानकारक बोलत. भर सभेत फळ्यापाशी पाणउतारा झालेल्यांच्या आठवणी वाचताना अंगावर काटा येतो. प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य सगळ्यांना होते, पण कोणता प्रश्न मोलाचा हे एकच माणूस ठरवी. काही जण पुन्हा फिरकले नाहीत, आणि त्यांचा सेमिनार कोणी लिहून ठेवलेला नाही.

गेल्फांडनी अमेरिकेत रट्गर्स विद्यापीठात पुन्हा सेमिनार मांडला आणि २००९ साली, ९६व्या वर्षी, त्यांचे न्यू जर्सीत निधन झाले. नव्या ठिकाणी कोणाला पास लागत नव्हता, की अन्यत्र दार बंद म्हणून इथे यावे लागत नव्हते. जुन्या मॉस्कोच्या व्हरांड्यातली बरीच मंडळी तोवर बॉस्टन, पॅरिस, तेल अवीव अशी पांगली होती.