सोल्जर फ्लायच्या कोषाची शरीररचना : आकलनाचा इतिहास (सतरावे ते एकोणिसावे शतक)

प्रस्तावना

युरोपातील संथ पाण्याच्या डबक्यांत एक लांबट, ताठर, अळीच्या आकाराची वस्तू तरंगताना आढळते. ती हलत नाही, खात नाही आणि स्पर्श केला तरी प्रतिसाद देत नाही. पाहणाऱ्यास ती मेलेली अळी वाटते. प्रत्यक्षात ते अळीचे केवळ वेष्टन असते आणि त्याच्या पुढील भागात एका माशीची घडण चालू असते. ही माशी म्हणजे द्विपंखी गणातील स्ट्रॅटिओमायडी कुलातील सोल्जर फ्लाय होय. स्ट्रॅटिओमिस हे प्रजातीनाम एत्येन लुई झोफ्र्वा या फ्रेंच अभ्यासकाने १७६२ मध्ये दिले. ग्रीक भाषेतील ‘सैनिक’ आणि ‘माशी’ या दोन शब्दांपासून ते बनले आहे. या माशीच्या वक्षाच्या मागील टोकावर काटे असतात, त्यामुळे ती शस्त्रधारी भासते.

या माशीचा कोष आकाराने लहान असला तरी विज्ञानाच्या इतिहासात त्याचे स्थान लहान नाही. अळी मरते आणि तिच्यापासून दुसराच प्राणी जन्मतो, की एकच प्राणी रूप पालटतो, हा प्रश्न सतराव्या शतकात केवळ कीटकांपुरता मर्यादित नव्हता. जीवोत्पत्ती, सृष्टीतील नियम आणि ईश्वरी योजना यांविषयीच्या धारणा त्याच्याशी निगडित होत्या. वेष्टन आणि त्यातील शरीर या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्यास अभ्यासक कसे शिकले, याचा मागोवा सोल्जर फ्लायच्या कोषाच्या आधारे घेणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

कोषाची रचना

ऐतिहासिक विवेचनापूर्वी कोषाची रचना थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. फुलपाखराची अळी कोषावस्थेत जाताना आपली शेवटची कात टाकते, त्यामुळे कोष उघडा दिसतो. सोल्जर फ्लायच्या बाबतीत तसे घडत नाही. आतील शरीर जुन्या त्वचेपासून सुटे होते, परंतु ती त्वचा टाकून दिली जात नाही. या त्वचेत कॅल्शियम कार्बोनेट साठलेले असल्याने ती कठीण व टिकाऊ असते. घरमाशीच्या अळीची त्वचा कोषावस्थेत आखडून पिंपासारखी गोलसर होते. सोल्जर फ्लायची त्वचा मात्र अळीचा मूळ आकार कायम राखते.

या त्वचेच्या आत स्वतःचे पातळ आवरण असलेला खरा कोष असतो. डोके, शृंगिका, पाय आणि पंख यांची आवरणे शरीराला चिकटलेली दिसतात. वक्षाच्या व उदराच्या बाजूंना श्वसनरंध्रे असतात. पाण्यात वाढणाऱ्या स्ट्रॅटिओमिस प्रजातीत हा कोष अळीच्या त्वचेचा केवळ पुढील भाग व्यापतो. मागील लांबट भाग रिकामा होऊन हवेने भरतो आणि त्यामुळे संपूर्ण वेष्टन पाण्यावर तरंगते. माशी पूर्ण वाढली की वेष्टनाच्या पुढील खंडांची पाठ उकलते आणि त्या फटीतून ती बाहेर पडते. कोषाचे पातळ आवरण मागेच राहते. म्हणजेच येथे एकात एक अशी दोन आवरणे असून, त्यांतील बाहेरचे अळीचे व आतील कोषाचे असते. पुढील दोन शतकांच्या वादाचे मूळ याच दुहेरी रचनेत आहे.

अॅरिस्टॉटल ते हार्वे : कोष म्हणजे अंडे?

अॅरिस्टॉटलने अळीला अपूर्ण अंड्यासारखे मानले होते. ती वाढते, मग निश्चल होते आणि या निश्चल अवस्थेत अंड्यासमान बनते, अशी त्याची मांडणी होती. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राणिजननविषयक ग्रंथात हा विचार पुढे नेला. उच्चवर्गीय प्राण्यांचे अवयव क्रमाक्रमाने तयार होतात, परंतु कीटकांत आधीच सिद्ध असलेल्या द्रव्याला एकाच वेळी नवे रूप प्राप्त होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेणावर शिक्का उमटावा, तसे हे रूपांतर त्यांना वाटत होते.

या मताला अनुभवाचा आधार नव्हता असे नाही. कोष फोडून पाहिल्यास आत बहुधा दाट, पांढरट द्रवच दिसतो. उघड्या डोळ्यांना त्यात ना अळी दिसते, ना माशी. त्यामुळे जुना प्राणी विरघळून नवा घडतो, हे अनुमान त्या काळी स्वाभाविकच होते.

स्वामर्डाम यांचे विच्छेदन

या मताला सर्वांत प्रखर विरोध यान स्वामर्डाम या डच अभ्यासकाने केला. त्यांचा जन्म १६३७ मध्ये अॅम्स्टरडॅम येथे झाला. वडील औषधविक्रेते होते आणि दुर्मीळ वस्तूंचा मोठा संग्रह त्यांच्या घरी होता. लायडन येथे स्वामर्डाम यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व १६६७ मध्ये पदवी संपादन केली. परंतु वैद्यकीय व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. वडिलांचा रोष ओढवून त्यांनी कीटकांच्या विच्छेदनाला वाहून घेतले. भिंगाखाली धार लावलेल्या अतिसूक्ष्म कात्र्या आणि केसासारख्या काचनळ्या ही त्यांची साधने होती.

१६६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीटकांच्या सामान्य इतिहासावरील डच ग्रंथात त्यांनी कीटकांच्या वाढीचे चार प्रकार सांगितले. चौथ्या प्रकारात, कोष अळीच्याच त्वचेआड दडलेला असतो अशा माश्यांचा समावेश होतो. वर्गीकरणाचा हा निकष त्यांच्या दृष्टीने गौण नव्हता. अळीच्या त्वचेखाली भावी प्राण्याचे अवयव आधीपासूनच असतात, कळीत पाकळ्या मिटलेल्या असाव्यात तसे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. तस्कनीचे तत्कालीन राजपुत्र कोसिमो मेदिची अॅम्स्टरडॅमला आले असता, अळीच्या त्वचेआड दुमडलेले फुलपाखराचे अवयव स्वामर्डाम यांनी त्यांना विच्छेदन करून दाखवले होते.

सोल्जर फ्लायचे त्यांनी केलेले विच्छेदन हा या कार्याचा कळसाध्याय मानता येईल. त्यांनी ही माशी गोमाशीच्या जातीची समजली. ही ओळख चुकीची होती, तरी त्यांची आकृतिचित्रे इतकी नेमकी आहेत की त्यांतील प्राणी स्ट्रॅटिओमिस असल्याचे पुढील अभ्यासकांना सहज कळले. शेपटीकडील पिसासारख्या केसांच्या साहाय्याने पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकून श्वास घेणारी अळी, तिच्या श्वासनलिका, मज्जारज्जू, अन्नमार्ग आणि अखेर वेष्टनातील कोष, असा संपूर्ण जीवनक्रम त्यांनी रेखाटला. बाह्यरूप जराही न बदलता आत एवढा मोठा बदल घडत असल्याचे दाखवणारे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. बाहेरचे रूप हा प्राण्याच्या अवस्थेचा पुरावा नव्हे, हे या कोषाने सिद्ध केले.

मात्र हा ग्रंथ स्वामर्डाम यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. सृष्टीच्या कुतूहलात गुंतणे हे ईश्वरभक्तीच्या आड येते की काय, या शंकेने त्यांना ग्रासले. आंत्वानेत बुरिन्यों या धर्मोपदेशिकेच्या प्रभावाखाली काही काळ त्यांनी संशोधनापासून दूर राहण्याचा प्रयत्न केला. १६८० मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हस्तलिखिते त्यांनी पॅरिस येथील मित्र मेल्शिसेदेक तेव्हनो यांच्या नावे केली होती. तेव्हनो यांच्या पश्चात ती अनेक हातांतून फिरली. अखेर १७२७ मध्ये लायडनचे वैद्यक प्राध्यापक हर्मन बोरहावे यांनी ती विकत घेतली आणि १७३७-३८ मध्ये ‘निसर्गाचे बायबल’ या अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध केली. सोल्जर फ्लायच्या कोषाचे ज्ञान अशा रीतीने अर्धशतकाहून अधिक काळ कागदांच्या गठ्ठ्यात पडून राहिले. ज्ञानाचा इतिहास हा जसा शोधांचा, तसाच हस्तलिखितांच्या नशिबाचाही इतिहास असतो, हे यावरून दिसून येते.

रेओम्यूर आणि अठरावे शतक

योगायोग असा की, १७३८ मध्येच फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर (१६८३-१७५७) यांच्या कीटकविषयक ग्रंथमालेचा चौथा खंड प्रसिद्ध झाला. त्यात ‘सशस्त्र वक्षाच्या माश्या’ या नावाने सोल्जर फ्लायचा विचार केलेला आहे. स्वामर्डाम यांची दृष्टी शरीराच्या आत शिरणारी होती, तर रेओम्यूर यांची दृष्टी जिवंत प्राण्याच्या वर्तनावर खिळलेली होती. या माशीची अळी स्वतःच्याच त्वचेचे घर करून तीत रूप पालटते, ही बाब त्यांच्या विवेचनात ठळकपणे येते.

लिनीअस यांनी १७५८ मध्ये या माशीचा समावेश घरमाशीच्याच प्रजातीत केला. लिनीअस यांचे वर्गीकरण प्रामुख्याने प्रौढ कीटकांच्या पंखांवर आधारलेले होते. त्यामुळे कोषाचा पुरावा काही काळ मागे पडला.

ब्राउअर आणि वाइझमान

कोषाला वर्गीकरणात मध्यवर्ती स्थान मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. व्हिएन्ना येथील कीटकशास्त्रज्ञ फ्रीडरिख ब्राउअर (१८३२-१९०४) यांनी १८६३ मध्ये द्विपंखी कीटकांचे दोन मोठे विभाग सुचवले. ज्यांचे वेष्टन सरळ फटीने उकलते त्यांना ऑर्थोऱ्हाफा आणि ज्यांचे वेष्टन गोल झाकणासारखे उघडते त्यांना सायक्लोऱ्हाफा ही नावे त्यांनी दिली. सोल्जर फ्लाय येथे कसोटीला उतरते. घरमाशीप्रमाणे तिचा कोषही अळीच्या त्वचेतच असतो. केवळ वेष्टन पाहिले, तर दोघींना एकत्र ठेवावे लागेल. परंतु सोल्जर फ्लायचे वेष्टन सरळ फटीने उकलते. तसेच, घरमाशी कोषाचे झाकण ढकलण्यासाठी डोक्याच्या पुढील बाजूस जी पिशवी फुगवते, ती सोल्जर फ्लायमध्ये नसते. त्यामुळे ती पहिल्या विभागात जाते. वेष्टन असणे महत्त्वाचे नसून ते उकलण्याची रीत महत्त्वाची आहे, हे तत्त्व येथे स्पष्ट झाले.

आधुनिक वर्गीकरणाने ऑर्थोऱ्हाफा हा एकाच पूर्वजाच्या सर्व वंशजांचा गट मानलेला नाही. तथापि सोल्जर फ्लाय आणि घरमाशी यांच्यात ही सवय स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, हे आज मान्य आहे. म्हणजे दिसणारे साम्य हे नात्याचे साम्य नव्हे.

दरम्यान १८६४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी माश्यांच्या कोषावस्थेतील अंतर्गत घडामोडींचे सविस्तर वर्णन केले. अळीच्या पुष्कळशा ऊती विघटित होतात आणि प्रौढ माशीचे पाय, पंख इत्यादी अवयव अळीच्या शरीरातील पेशींच्या लहान चकत्यांपासून वाढतात, असे त्यांनी दाखवले. त्यांचे निरीक्षण घरमाशीच्या जवळच्या माश्यांवर आधारलेले होते. तरी जुन्या वादाला त्याने नवे वळण दिले. कोषात विघटन होते, एवढ्यापुरते हार्वे यांचे निरीक्षण निराधार नव्हते. परंतु प्राणी मरत नाही आणि त्याचे सातत्य तुटत नाही, हे स्वामर्डाम यांचे मूळ प्रतिपादन टिकून राहिले. अवयव आधीच तयार असतात, या त्यांच्या मताच्या जागी मात्र अवयवांचे मूळ पेशीसमूह आधीपासून असतात, हे अधिक अचूक विधान आले. १८९५ मध्ये लीड्स येथील प्राध्यापक लुई मायल यांनी जलचर कीटकांवरील ग्रंथात स्ट्रॅटिओमिसच्या जीवनक्रमाचे विवेचन केले, तेव्हाही स्वामर्डाम यांच्या निरीक्षणांचे मोल कमी झालेले नव्हते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सोल्जर फ्लायच्या कोषाने अळी, कोष व प्रौढ कीटक हे एकाच जीवाचे क्रमिक टप्पे असल्याच्या मताला प्रत्यक्ष शरीररचनेचा आधार दिला.

२. बाह्य वेष्टन हे अवस्थेचे किंवा नात्याचे खात्रीशीर गमक नव्हे, हे स्वामर्डाम यांच्या विच्छेदनाने आणि पुढे ब्राउअर यांच्या वर्गीकरणाने दोन वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध केले.

३. प्रत्येक नव्या टप्प्यावर जुने मत पूर्णतः टाकून दिले गेले नाही. त्यातील निरीक्षण राहिले, स्पष्टीकरण बदलले.

हा प्रश्न आज केवळ इतिहासापुरता उरलेला नाही. मूळची अमेरिका खंडातील काळी सोल्जर फ्लाय (हर्मेशिया इल्युसेन्स) आता अनेक देशांत ओल्या कचऱ्यावर वाढवली जाते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यासाठी परवानगी दिलेल्या सात कीटकांत तिचा समावेश आहे. या जातीची अळी खाणे थांबवते, आतडे रिकामे करते, काळपट होते आणि कोरडी जागा शोधत निघते. तिच्यामागोमाग येणारा कोषही त्याच काळ्या त्वचेत असतो. एक चालते आणि दुसरा निश्चल असतो, एवढाच फरक वरून दिसतो. मात्र आत एकीकडे अळी असते आणि दुसरीकडे माशी घडत असते. काढणी कधी करावी हे ठरवणाऱ्या उत्पादकाला त्वचेवर विसंबून चालत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी अॅम्स्टरडॅममध्ये एका सूक्ष्म कात्रीने जी त्वचा उघडली होती, तिचा धडा आजही तोच आहे.