पाळी गेल्यानंतर स्तनाचा कर्करोग: धोका ओळखण्याची तीनशे वर्षांची गोष्ट

“पाळी गेली, सुटले एकदाची!” असं बऱ्याच जणी म्हणतात. दर महिन्याचा त्रास संपतो हे खरं. पण स्तनाच्या कर्करोगाचा धोका पाळीबरोबर जात नाही. पन्नाशीनंतर तो आधीपेक्षा जास्तच असतो. मग कोणाला जास्त आणि कोणाला कमी, हे आधी सांगता येईल का? या प्रश्नाचा शोध फार जुना आहे.

सुमारे १७०० साली इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी लिहून ठेवलं, की ख्रिस्ती मठांतल्या नन्सना हा आजार इतर बायकांपेक्षा जास्त होतो. १८९५ मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी एका रुग्णाची अंडाशयं काढली आणि तिचा पसरलेला स्तनाचा कर्करोग आकसला. इस्ट्रोजेनचा शोध तेव्हा लागायचा होता. १९२६ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टर जेनेट लेन-क्लेपन यांनी हा आजार असलेल्या ५०० आणि नसलेल्या ५०० बायकांची माहिती शेजारी शेजारी मांडली. उशिरा लग्न आणि कमी मुलं असलेल्या बायकांत आजार जास्त आढळला. म्हणजे धोक्याच्या खुणा बाईच्या आयुष्यातच असतात, फक्त विचारायला हवं.

आपल्याकडे असं विचारणं आणि मोजणं १९६३ मध्ये सुरू झालं. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली कॅन्सर नोंदणी उभी केली. पुढे पुणे, औरंगाबाद आणि १९८० मध्ये आपल्या नागपुरात अशी नोंदणी सुरू झाली. मुंबईच्या नोंदींत पारशी बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा जास्त दिसला. त्यांच्यात लग्नं उशिरा होत आणि मुलं कमी असत. एकाच शहरात राहूनही प्रत्येकीचा धोका सारखा नसतो, हे त्यातून समजलं.

१९८९ मध्ये अमेरिकेत मिचेल गेल यांनी या खुणांचं गणित बसवलं. वय, पाळी कधी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी, आई-बहिणीला आजार होता का, स्तनाची बायॉप्सी झाली आहे का, यांवरून पुढच्या पाच वर्षांतला धोका टक्क्यांत काढता येऊ लागला. पण ते गोऱ्या अमेरिकन बायकांच्या माहितीवर बेतलेलं होतं, त्यामुळे आपल्या बायकांना ते जसंच्या तसं लागू करता येत नाही. १९९४ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं सापडली. तरी बहुतेक रुग्णांत या जनुकांचा दोष नसतो, हे लक्षात ठेवा.

पाळी गेल्यावर अंडाशय थांबतं, पण शरीरातली चरबी थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते. म्हणून या वयात वाढलेलं वजन धोका वाढवतं. बाहेरून घेतलेल्या हार्मोन्सचंही तसंच. २००२ मध्ये अमेरिकेतला १६,६०८ बायकांवरचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग वाढताना दिसला. उलट १९९८ मध्ये, जास्त धोका असलेल्या बायकांत टॅमॉक्सिफेनने हा आजार जवळजवळ निम्म्यावर आणल्याचं दिसलं. पण पन्नाशीनंतर त्या गोळीने गर्भाशयाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. म्हणून ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत.

आपल्यासाठी सर्वांत मोलाचा अभ्यास मुंबईचाच आहे. १९९८ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाची प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हाताने स्तनतपासणी करत. दुसऱ्या गटाला सुरुवातीला फक्त माहिती दिली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीच्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. सगळ्या वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट ठामपणे सिद्ध होण्याइतकी नव्हती; मात्र पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. वयानुसार हा हिशेब नंतर मांडलेला आहे, म्हणून शेवटचा शब्द नव्हे. तरी महागडं यंत्र नसतानाही काहीतरी करता येतं, हे त्यातून कळतं.

तेव्हा पाळी गेली असेल तर एक कागद घ्या. पाळी कधी आली, कधी गेली, पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी, वजन किती, हार्मोनच्या गोळ्या घेतल्या का, आधी बायॉप्सी झाली का, आणि माहेरी (आईकडे तसंच वडिलांकडेही) कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला का, हे लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि स्तन तपासून घ्या. मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी, जनुकांची तपासणी किंवा प्रतिबंधक गोळी हवी का, हे त्यावरून ठरेल. आणि नवीन गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा त्वचेला खळगा दिसला, तर धोक्याचं गणित बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.