कुरणावरचा तळ

इ. स. १९०१ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात, सुमारे ८,६०० फूट उंचीवरच्या टुऑलमी कुरणावर, शहाण्णव माणसांनी तळ ठोकला. त्यांत प्राध्यापक होते, विद्यार्थी होते, आणि त्या काळाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या स्त्रियाही होत्या. धान्य, भांडी, अंथरुणे खेचरांच्या पाठीवर आणि माणसे पायी, असा सगळा जामानिमा. वरवर पाहता ही हौशी लोकांची सहल होती. वस्तुतः तो एक राजकीय प्रयोग होता.

त्यासाठी या कुरणाचा भूगोल थोडा ध्यानात घ्यायला हवा. पश्चिमेकडून येणारे ढग सिएराच्या उतारांवर रिते होतात, त्यामुळे हिमाच्या पाण्यावर पोसलेले गवत इथे उन्हाळाभर हिरवे राहते. मात्र पूर्वेची खिंड ओलांडली की काही मैलांतच पर्वत कोसळल्यासारखा खाली उतरतो आणि समोर पसरते ते ग्रेट बेसिनचे रखरखीत वाळवंट. त्याच्या काठाशी मोनो सरोवर आहे, समुद्राहूनही खारट, बाहेर वाट नसलेले. हे हिरवे कुरण आणि ते खारे पाणी एकमेकांचे शेजारी आहेत. या लेखाचा विषय एका अर्थाने हे शेजारपण हाच आहे.

जॉन म्यूर या कुरणावर प्रथम आला तो १८६९ साली, दोन हजारांवर मेंढ्यांच्या कळपामागे. गवताची आणि रानफुलांची झालेली नासाडी त्याने तेव्हाच पाहिली, आणि पुढे मेंढ्यांना टोळधाडीची उपमा दिली. १८८९ मध्ये रॉबर्ट अंडरवूड जॉन्सन या संपादकाबरोबर तो इथेच मुक्कामाला होता. त्या शेकोटीपाशी झालेल्या बोलण्यातून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाची मागणी आकाराला आली आणि पुढच्याच वर्षी उद्यान झाले. १८९१ पासून घोडदळाच्या तुकड्या मेंढपाळांना हुसकावू लागल्या.

परंतु कायद्याने राखलेले कुरण लोकांच्या मनातही राखले जायला हवे, हे १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सिएरा क्लबला उमगले होते. म्यूर त्याचा अध्यक्ष. विल्यम कोल्बी या तरुण वकिलाने सामूहिक तळाची कल्पना मांडली. जे माणसाने डोळ्यांनी पाहिले, ज्याच्या कुशीत तो झोपला, त्यासाठी तो उद्या भांडेल, असा हा हिशेब. पहिल्याच वर्षी त्यावर शोकाची छाया पडली. भूगर्भशास्त्रज्ञ जोसेफ ल काँट हे या सहलीसाठी आलेले असतानाच ६ जुलै रोजी योसेमिटीच्या दरीत वारले. १८७० साली विद्यार्थ्यांना घेऊन ते याच कुरणावरून मोनो सरोवरापर्यंत गेले होते. सहल रद्द झाली नाही. पुढे ती दरवर्षीची रीत झाली आणि १९२९ पर्यंत कोल्बीच तिचा म्होरक्या राहिला.

हिशेब खरा ठरला का? याच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या हेच हेची दरीत धरण बांधून सॅन फ्रान्सिस्कोला पाणी नेण्याचे ठरले, तेव्हा तळावर राहून आलेली माणसे लढ्यात उतरली. ते हरले. १९१३ मध्ये कायदा झाला, वर्षभराने म्यूर गेला, १९२३ मध्ये धरण उभे राहिले. तथापि देशभर गाजलेला तो लढा पुढच्या अनेक लढ्यांची तालीम ठरला.

इथवरची कथा परिचित आहे आणि गोड आहे. तिला दुसरी बाजू आहे.

खालच्या मोनो खोऱ्यातले कुट्झाडिका पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या खिंड चढून या कुरणावर येत. पूर्वेचा काळा ज्वालाकाच आणि पश्चिमेची ओकची फळे यांचा व्यापार याच वाटेने चाले. सामूहिक तळ ही शहाण्णव जणांची कल्पना नव्हती. ती या भूमीची जुनी वहिवाट होती. १८५२ मध्ये योसेमिटीच्या मूळ रहिवाशांचा पाठलाग करणारी सैनिकी तुकडी याच कुरणातून गेली. म्हणजे जे रान पाहुण्यांना निर्मनुष्य आणि अस्पर्शित भासले, त्यावर माणसांची पावले आधीच उमटलेली होती. १८६९ मध्ये खिंडीत भेटलेल्या मोनो लोकांविषयी म्यूरने तिरस्काराने लिहिले. फुलासाठी हळवा होणारा तोच हात होता, हे विसरता येत नाही. २०२० मध्ये सिएरा क्लबने आपल्या संस्थापकाच्या अशा उद्गारांची जाहीर कबुली दिली.

आणि कुरण? मेंढ्या गेल्या, पण शंभर-दोनशे माणसे आणि त्यांची खेचरे आली. चाळिशीच्या दशकात क्लबमधूनच तुडवलेल्या कुरणांविषयी चिंतेचा सूर निघू लागला. डोंगर लोकांना सुगम करणे हा संस्थेच्या उद्दिष्टातला भाग १९५१ मध्ये वगळण्यात आला आणि त्याजागी जतन आले. तेवढ्या एका शब्दबदलात पन्नास वर्षांचा अनुभव सामावलेला आहे.

खालच्या सरोवराला मात्र बराच काळ वाली नव्हता. १९४१ पासून लॉस एंजेलिसने त्याला मिळणारे ओढे वळवले आणि चार दशकांत पाणी सुमारे ४५ फूट उतरले. कुरणावर प्रेम करणे सोपे होते. खाऱ्या पाण्यावर, माश्यांच्या थरांवर कोण भाळणार? १९७६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाने सरोवराचा अभ्यास केला. त्यातून १९७८ मध्ये मोनो लेक कमिटी उभी राहिली, १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १९९४ मध्ये सरोवराची पातळी ठरवून देण्यात आली. मात्र ठरवलेली पातळी तीन दशके उलटूनही गाठली गेलेली नाही.

तेव्हा कोल्बीचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. पाहिल्याने माया जडते हे खरेच. पण शेकोटीचा उजेड वर्तुळापुरताच असतो. आत बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे स्पष्ट दिसतात आणि त्यामुळेच बाहेरचा अंधार अधिक दाट भासतो. त्या अंधारात आपल्याआधी इथे मुक्कामाला आलेले कोणी उभे आहे का, एवढे विचारण्याचे भान जिथे राहते, तोच तळ खऱ्या अर्थाने सामूहिक म्हणता येईल.