इनिट (लिनक्स)

कर्नल तयार झाल्यावर सर्वांत आधी चालवतो तो प्रोग्रॅम. त्याचा प्रक्रिया क्रमांक कायम १ असतो. तो मध्येच मेला, तर कर्नल ‘पॅनिक’ होऊन अख्खी यंत्रणा थांबवतो.

बटण दाबल्यापासून इनिटपर्यंतचा प्रवास छोटा आहे. यूईएफआय फर्मवेअर ग्रबसारखा बूटलोडर शोधते. बूटलोडर कर्नलसोबत इनिटरॅमएफएस ही तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत चढवतो. तिच्यातल्या ड्रायव्हरच्या आधाराने खरी डिस्क हाती आली, की कारभार इनिटकडे जातो.

हा कारभार कसा करावा, यावर मात्र मोठे रण माजले. सिस्टिम फाइव्ह युनिक्सकडून आलेल्या जुन्या पद्धतीत रनलेव्हल ठरलेले असत (० म्हणजे बंद, ६ म्हणजे रीबूट) आणि शेल स्क्रिप्ट एकीमागून एक चालत. एक अडली की मागच्या खोळंबत. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० साली आणलेल्या सिस्टिमडीने ही रांगच मोडली. ज्या सेवांसाठी तशी सोय केलेली असते, त्यांचे सॉकेट ते आधीच उघडून ठेवते. डेटाबेस अजून उठलेला नसला, तरी त्याच्या नावाचे संदेश कर्नलच्या बफरमध्ये साठतात आणि बाकीच्या सेवा पुढे सरकतात. फेडोराने २०११ मध्ये ते स्वीकारले. डेबियनच्या तांत्रिक समितीत २०१४ मध्ये समान मते पडली, तेव्हा अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आले आणि नाराजांनी डेव्हुआन ही वेगळी चूल मांडली. नोंदवही, लॉगिन असे सारेच एका प्रकल्पाच्या हाती जाऊ नये, हा त्यांचा आक्षेप काही पोकळ नव्हता.

यंत्र चालू असताना इनिट पोरक्या प्रक्रियांचे पालकत्व घेते आणि संपलेल्यांची नोंद पुसते. डॉकरच्या कंटेनरमध्ये बहुतेकदा आपले अॅपच क्रमांक १ होते. त्याने सिगटर्म या संकेताची दखल घेण्याची सोय केलेली नसेल, तर थांबण्याचा हुकूम वाया जातो. डॉकर सहसा १० सेकंद वाट पाहून ते मारून टाकते.

यंत्र बंद करतानाही क्रम तोच: आधी सिगटर्म, ऐकले नाही तर सिगकिल. सिस्टिमडी एखाद्या सेवेसाठी सहसा ९० सेकंद थांबते. पडद्यावर ‘स्टॉप जॉब’चा संदेश रेंगाळतो तो यामुळेच. मग फाइल सिस्टिम उतरवल्या जातात आणि शेवटी कर्नलला ‘रीबूट’ हाक दिली जाते. चुकून दिलेली हाक लागू पडू नये म्हणून सोबत दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात. दुसरा आकडा सोळाच्या पायात लिहिला की २८१२१९६९ असा दिसतो, म्हणजे लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख. त्याऐवजी चालणारे इतर तीन आकडे त्याच्या मुलींच्या जन्मतारखांचे आहेत.